एका म्यानात दोन तलवारी : खोपोलीच्या विजेपासून जुन्या मराठी फायलींपर्यंत



'एका संगणकात दुसरा संगणक' हा आजचा विषय. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं या विषयाला हात का घालावा, असं कुणी विचारील. आमचं उत्तर दोन भागांत आहे. यंत्राच्या पोटात यंत्र ही कल्पना मुळात तत्त्वज्ञानाच्या अंगणातली आहे. खरं काय आणि भासमान काय, हा प्रश्न तिथं रोजच्या वापरात येतो. हा झाला पहिला भाग. दुसरा जास्त निकडीचा आहे. आपल्या कर्जत-खालापूरकडच्या कपाटांत, ट्रंकांत, छापखान्यांच्या माळ्यांवर मराठी मजकुराच्या फ्लॉप्या आणि सीड्या पडून आहेत. त्या उघडता येण्याचे दिवस संपत आले आहेत. त्या उघडायचा जो एक चांगला मार्ग शिल्लक आहे, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

आधी अडचण नीट समजून घेऊ. संगणक घेतला की त्यावर एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. विंडोज म्हणा, लिनक्स म्हणा. ती त्या यंत्राची मालकीण. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कुणी कुठं लिहायचं, पडद्यावर काय दिसायचं, हे सगळं ती ठरवते. आणि तिची बांधणीच अशी असते की घरात आपण एकट्याच आहोत असं ती गृहीत धरते. आपल्याकडे म्हण आहे, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मग एकाच यंत्रावर दोन मालकिणी कशा नांदणार?

यावर पहिली तोड निघाली तिला 'ड्युअल बूट' म्हणतात. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात एक सिस्टिम, दुसऱ्यात दुसरी, आणि संगणक सुरू करताना विचारायचं, आज कोण? आपल्या रेल्वेचं उदाहरण घ्या. कर्जतवरून जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मार्गावर पूर्वी १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, तो पुढं बदलून २५ हजार व्होल्टचा एसी केला. बदलाच्या त्या वर्षांत दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं होती. पण एका वेळी एकच प्रवाह. मधे वीज नसलेला छोटा टप्पा यायचा आणि तेवढ्यात इंजिनाची आतली व्यवस्था बदलावी लागायची. ड्युअल बूट अगदी तसंच. दोन्ही आहेत, पण बरोबर नाहीत. जुन्या सिस्टिमवरचं एक वाक्य नव्या सिस्टिमवर न्यायचं, तर मधे सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं.

आम्ही ज्याबद्दल बोलणार आहोत ते याहून वेगळं आहे. त्यात दोन्ही सिस्टिम एकाच वेळी चालतात. नवी सिस्टिम यजमान, जुनी पाहुणी. यजमानाच्या पडद्यावर एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत जुना संगणक जसाच्या तसा सुरू होतो. याला 'व्हर्च्युअलायझेशन' म्हणतात, आणि त्या खिडकीतल्या संगणकाला 'व्हर्च्युअल मशीन'.

ही कल्पना कुठून आली, हे सांगण्याआधी आपण खोपोलीला जाऊन येऊ.

१९१५ साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ मध्ये गेले, कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, आणि काम तडीस गेलं ते दोराबजींच्या काळात. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांत पावसाचं पाणी साठवायचं, घाटाच्या कड्यावरून मोठ्या नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली आणायचं, आणि इथं तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. पुढं १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं.

याआधी काय होतं? गिरणी म्हटली की तिचं स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःचा बॉयलर, स्वतःची चिमणी, स्वतःचा कोळसा. शक्ती हवी तर शक्तीचं यंत्र आपल्या आवारात हवं. खोपोलीनं हा संबंध तोडला. यंत्र एकीकडे, शक्तीचा वापर दुसरीकडे. एकाच केंद्रातून अनेक गिरण्या चालू लागल्या, आणि बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला वीज आपलीच वाटू लागली. शेजारच्या गिरणीनं किती घेतली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. वाटणी करणारा मात्र कुणीतरी मधे बसलेला होता.

संगणकाच्या इतिहासात नेमकं हेच घडलं. सुरुवातीचे मोठे संगणक फार महाग आणि एका वेळी एकाचंच काम करणारे. बाकीच्यांनी आपल्या कार्डांचा गठ्ठा देऊन रांगेत थांबायचं. १९६१ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटण्याची पद्धत दाखवली. क्षणभर याचं काम, क्षणभर त्याचं. पण हे इतकं झटपट की प्रत्येकाला वाटावं, यंत्र आपल्यासाठीच बसलंय.

आयबीएमच्या केंब्रिज इथल्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. नुसता वेळ कशाला वाटायचा? प्रत्येकाला अख्खा संगणकच देऊ की! अर्थात भासमान. १९६७ च्या सुरुवातीला त्यांची 'सीपी-४०' नावाची व्यवस्था चालू झाली. एका खऱ्या यंत्रावर चौदापर्यंत भासमान यंत्रं. प्रत्येकात स्वतंत्र सिस्टिम चालायची, आणि प्रत्येकीला वाटायचं की घर आपलंच. १९७२ मध्ये आयबीएमनं 'व्हीएम/३७०' या नावानं ही सोय गिऱ्हाइकांसाठी जाहीर केली. म्हणजे ही कल्पना आजची नव्हे, पन्नास वर्षांहून जुनी आहे.

इथं खोपोलीची उपमा थांबते, तेही सांगितलं पाहिजे. गिरणीला वीज हवी असते, वीजकेंद्राची मालकी नको असते. पाहुण्या सिस्टिमला मात्र मालकीच हवी असते. ती हुकूम सोडते: हा मेमरीचा भाग माझा, आता बाकीच्यांना थांबवा. मग यजमानानं काय करायचं? हुकूम मानला तर घर गेलं. नाकारला तर पाहुणी कोसळली. तोड अशी काढली की पाहुणीनं साधं काम केलं, बेरीज केली, अक्षर हलवलं, तर ते थेट खऱ्या प्रोसेसरवर होऊ द्यायचं. मालकीचा हुकूम सोडला की प्रोसेसरनं तिथंच अडवायचं आणि मधल्या व्यवस्थापकाला हाक मारायची. व्यवस्थापक पाहुणीच्या समजुतीपुरता तो हुकूम पार पाडतो आणि तिला सांगतो, झालं तुमचं काम. या व्यवस्थापकाला 'हायपरव्हायजर' म्हणतात. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी याची तीन लक्षणं बांधून दिली. पाहुणीचं वागणं खऱ्या यंत्रावरच्यासारखंच असावं, साधनांवरचा ताबा व्यवस्थापकाकडेच राहावा, आणि बहुतेक काम थेट प्रोसेसरवर व्हावं म्हणजे वेग टिकेल. लक्षण कसं करावं, याचा हा नमुना आम्हाला एखाद्या न्यायग्रंथाइतका आवडतो.

आपल्याकडे काय चाललं होतं? आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. ऐंशीच्या दशकात पीसी आले आणि आपल्यापैकी बहुतेकांची संगणकाशी ओळख झाली ती त्यांच्यामुळेच. पीसी इंग्रजी बोलत होता. त्याला मराठी शिकवण्याचं एक मोठं काम पुण्यात झालं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली वाढलं. पीसीमध्ये एक जादा कार्ड बसवायचं. आतला डॉसचा प्रोग्राम, मग तो हिशेबाचा असो की पत्रं लिहिण्याचा, आपण नेहमीसारखाच मजकूर लिहितोय असं समजायचा. आणि पडद्यावर मात्र देवनागरी उमटायची. प्रोग्रामला पत्ताच नाही! काटेकोर अर्थानं हे व्हर्च्युअल मशीन नव्हे. पण मधे एक थर घालायचा आणि वरच्याला कळू न देता खालचं बदलायचं, ही युक्ती तीच. मराठी माणसानं ती पुण्यात बनलेल्या कार्डावर पाहिली होती.

जिस्टच्या मागं 'इस्की' नावाचं प्रमाण होतं, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेलं. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली जात. पण छपाईच्या धंद्यानं दुसरी वाट धरली. विंडोज आली, पेजमेकर आलं, आणि पेजमेकरला इस्की कळत नव्हती. त्याला फक्त फाँट कळत होता. मग फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. या जागेवर काना, त्या जागेवर अर्धा म, पलीकडे रफार. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी चिन्हांचाच. डोळ्यांना दिसे मराठी. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. धंद्याला यात काही गैर वाटलं नाही, कारण छापखान्याला हवं होतं ते ट्रेसिंग पेपरवरचं देखणं अक्षर. कागद छापून झाला की काम संपलं. फाईल पुढच्या पिढीसाठी आहे, असं तेव्हा कोण म्हणत होतं?

परिणाम काय झाला? साधारण १९९० ते २००५ या काळात मराठीत जे टाईप झालं, त्याचा फार मोठा भाग अशा फाँटांत आहे. शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, पतपेढ्यांचे अहवाल, गावच्या उत्सवांच्या पत्रिका, सामाजिक संस्थांनी वाड्यावाड्यांतून केलेल्या पाहण्या, स्थानिक दिवाळी अंक. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. एक वाडी तिच्या माणसांसह ढिगाऱ्याखाली गेली. अशा वेळी आम्हाला वाटतं, डोंगरातल्या वाड्यांबद्दल कुणी कधी चार ओळी टाईप केल्या असतील, कुणाचं घर कुठं होतं, पाणी कुठून भरत, मुलं कुठल्या शाळेत जात, तर त्या ओळी आज वाचता येतील का? जागा जाते तेव्हा जागेबद्दल लिहिलेलं तेवढं उरतं. आणि तेही फाँटापायी गेलं, तर गेलेल्याला दुसऱ्यांदा घालवल्यासारखं होईल.

तुम्ही म्हणाल, मग सगळं युनिकोडमध्ये बदलून टाका. तसे कन्व्हर्टर आहेतच. आहेत, आणि ते उपयोगीही आहेत. पण आपल्या गावाच्या नावातच त्यांची परीक्षा आहे. 'कर्जत' लिहिताना युनिकोड उच्चाराप्रमाणे चालतो: क, मग अर्धा र, मग ज, मग त. जुना फाँट डोळ्यांप्रमाणे चालतो: क, ज, त्याच्या डोक्यावर रफार, मग त. कन्व्हर्टरनं रफार उचलून ज च्या अलीकडं न्यायला हवा. नाही नेला तर 'कजर्त' होतं. तसंच पहिल्या वेलांटीचं. ती डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून 'जिल्हा'चं 'िजल्हा' होतं. ही उदाहरणं तुम्ही सगळ्यांनी पाहिली असतील. एवढ्या चुका डोळ्यांना कळतात. पण आडनाव बदललं, आकडा बदलला, जोडाक्षर गळालं, तर कसं कळणार? मूळ काय होतं ते पाहायला मिळालं तरच.

न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर कन्व्हर्टर देतो ते अनुमान. जुन्या यंत्रावर मूळ फाईल उघडून पाहणं हे प्रत्यक्ष. अनुमान टाकाऊ नसतं, पण शंका आली की ते प्रत्यक्षाशी ताडून पाहावं लागतं. म्हणून जुनं यंत्र हवं. जुनी यंत्रं मात्र मरतात. डिस्क बसते, मदरबोर्ड फुगतो, कोकणच्या पावसाळ्यात बुरशी धरते. आणि नव्या यंत्रावर जुना प्रोग्राम थेट चालत नाही. ६४ बिटांच्या विंडोजनं १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालवणंच सोडून दिलं. विंडोज एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवला.

इथं आपल्या कथेचे दोन धागे एकत्र येतात. मोठ्या संगणकांवर १९६७ मध्ये जमलेलं हे काम पीसीवर बरीच वर्षं नीट जमत नव्हतं. कारण मौजेचं आहे. पीसीच्या प्रोसेसरमध्ये काही हुकूम असे होते, की अधिकार नसताना सोडले तर प्रोसेसर ना ते पाळायचा, ना तक्रार करायचा. सरकारी कचेरीतल्या अर्जासारखं. मंजूर नाही, नामंजूर नाही, कागद टेबलावरच. हाकच मारली नाही, तर व्यवस्थापकाला कळणार कसं? स्टॅनफर्डचे मेंडेल रोझेनब्लम, त्यांच्याबरोबर डायन ग्रीन, एडवार बुनियॉं आणि इतर सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी काढली आणि १९९९ मध्ये पीसीवर हे करून दाखवलं. पाहुणीच्या सूचना आधीच वाचायच्या, असे अडचणीचे हुकूम हेरायचे आणि चालवण्यापूर्वी त्यांच्या जागी सुरक्षित हुकूम घालायचे. पुढं २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच ही सोय दिली, आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती आली. २००९ च्या विंडोज ७ बरोबर तर खुद्द मायक्रोसॉफ्टनंच एक्सपी पाहुणी म्हणून चालवायची सोय दिली होती. महागड्या यंत्रशाळेतली गोष्ट घरच्या टेबलावर आली.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू, थोडक्यात. अद्वैतात सत्तेचे तीन प्रकार सांगतात: पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक. दिवा आणला की जातो. पाहुण्या सिस्टिमची डिस्क यजमानाच्या दृष्टीनं एक फाईल आहे, तिची मेमरी म्हणजे उसनी जागा आहे. मग पाहुणी हा सापच का? आम्हाला तसं वाटत नाही. सापाचं विष चढत नाही. पण पाहुणीत उघडलेली स्मरणिका छापता येते, तिच्यातलं नाव वाचून माणूस शोधता येतो. जे कामाला येतं, व्यवहारात टिकतं, ते व्यावहारिक सत्य. पूर्वजांना संगणक ठाऊक होता असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांनी भेद नीट केले होते, ते आजही वापरता येतात, एवढंच आमचं म्हणणं.

आता हाताशी धरण्यासारखं थोडं. आमची १९९६ नंतरची व्याख्यान-टिपणं अशाच एका फाँटात होती. त्यांच्यावर जे केलं, तोच क्रम सांगतो. पहिलं, मूळ सीडी किंवा फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत काढा. मूळ माध्यमाला पुन्हा हात लावू नका. दुसरं, संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघा. तिसरं, पाहुण्या यंत्रात जुनी विंडोज आणि तुमच्याकडचं जुनं मराठी पॅकेज बसवा. परवाना तुमचाच हवा. एक्सपीला एक जीबी मेमरी आणि वीस जीबी डिस्क भरपूर झाली. चौथं, पाहुणीचं इंटरनेट बंद ठेवा. तिची संरक्षणं जुनी आहेत, तिला बाहेर फिरवू नका. पाचवं, सगळं नीट चालू लागलं की 'स्नॅपशॉट' घ्या. पुढं काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जाता येतं. सहावं, प्रत्येक फाईलची पीडीएफ काढा आणि तिच्यात फाँट अंतर्भूत झालाय ना ते तपासा, म्हणजे रूप टिकलं. सातवं, कन्व्हर्टरनं युनिकोड मजकूर काढा आणि तो पीडीएफशी ताडून वाचा, म्हणजे अर्थ टिकला. मूळ फाईल मात्र फेकू नका.

अडचणी आहेत. पुष्कळ जुन्या पॅकेजेसना डोंगल लागायचा, म्हणजे संगणकामागं लावायचं कुलूप. यूएसबीचं कुलूप पाहुणीच्या हवाली करता येतं. जुन्या जाड प्रिंटर पोर्टातलं जमवणं अवघड जातं. तेव्हा जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या पाठीमागं काय लावलंय ते पाहा. आणि ही सोयही कायमची नाही. आता नव्या पिढीच्या काही संगणकांत प्रोसेसरची जातच वेगळी आली आहे. ॲपलनं २०२० पासून ती वाट धरली. तिथं जुनी विंडोज थेट पाहुणी होऊ शकत नाही, कारण यजमानाची भाषाच तिला कळत नाही. मधे दुभाषा बसवावा लागतो, याला 'इम्युलेशन' म्हणतात. एकेक सूचना भाषांतरित होते, म्हणून काम मंदावतं. चालतं, पण दर पिढीला एक थर वाढतो.

म्हणून आमचं सांगणं इतकंच आहे. व्हर्च्युअल मशीन ही धर्मशाळा आहे, घर नव्हे. जुना मजकूर तिथं सुखानं मुक्काम करू शकतो. पण मुक्कामाच्या काळात त्याला युनिकोडच्या पक्क्या घरात पोचवणं हे आपलं काम. आणि हे काम सरकार करील, विद्यापीठ करील म्हणून थांबण्यासारखं नाही, कारण फ्लॉप्या सरकारच्या माळ्यावर नाहीत, तुमच्या आहेत. ज्यानं टाईप केलं तो कंपोझिटर अजून गावात आहे, त्याला पॅकेजचं नाव आठवतं, फाँटाचं नाव आठवतं. पहिली चौकशी त्याच्याकडे करा, आणि या पावसाळ्याआधी करा.

आमचं बोलणं इथं थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.